मोतीसाठी स्थळ पाहताना

मुलामुलींची स्थळे पाहण्याचा अनुभव बडोद्याच्या मराठी घरांना नवा नाही. गायकवाडी अमदानीत देशावरून आणि कोकणातून येऊन येथे स्थिरावलेल्या आमच्या घराण्यांत मुलगी पुण्यास द्यावी, सून इंदूरहून आणावी, असे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. स्थळ दूरचे असले म्हणजे चौकशी अधिक बारकाईने करावी लागते. आम्ही उभयतांनीही आपल्या दोन मुलींसाठी ती केली आणि देवाच्या दयेने दोघीही सुखात आहेत. तथापि उतारवयात एका कुत्र्याच्या पिल्लासाठी स्थळ पाहण्याची वेळ आमच्यावर येईल आणि पहिल्या खेपेस आम्ही त्यात सपशेल चुकू, असे कोणी सांगितले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. ती चूक कशी झाली आणि ती निस्तरताना आम्ही काय शिकलो, ते वाचकांना सांगावे एवढ्यासाठीच हा लेख.

पूर ओसरल्यावर

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर बडोदेकर सहजी विसरणार नाहीत. नदीने धोक्याची पातळी ओलांडली, निम्म्याहून अधिक शहराची दैना झाली, आणि नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्याची छायाचित्रे देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. माणसांचे जे हाल झाले ते झालेच. पण मुक्या जनावरांच्या हालांना तर वाचाही नव्हती. निवृत्तीनंतर आम्ही दोघे आठवड्यातून दोन सकाळी शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या आश्रयघरात, ज्याला हल्ली सगळे 'शेल्टर' म्हणतात तेथे, हातभार लावण्यासाठी जात असू. पाणी ओसरल्यावर तेथे रोज नवी जनावरे येऊ लागली. कोणी पाय मोडलेले, कोणी तीन दिवसांचे उपाशी.

त्यांतच एका सकाळी एक भाजीवाला रिकाम्या पाटीत घालून एक पिल्लू घेऊन आला. जेमतेम सहा आठवड्यांचे, तांबूस रंगाचे, कपाळावर पांढरा ठिपका. बंद दुकानाच्या ओट्यावर ते एकटेच कुडकुडत होते. आईचा आणि भावंडांचा पत्ता नव्हता. आश्रयघरातल्या सेवकाने कपाळावरचा ठिपका पाहून त्याचे नाव मोती ठेवले.

कुत्र्याच्या पिल्लाने निदान आठ आठवडे तरी आईजवळ राहावे, असे जाणकार सांगतात. चावा किती जोराने घ्यावा, खेळताना कोठे थांबावे, हे ते आई-भावंडांपाशीच शिकते. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या स्वभावाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात फार मोलाचा असतो, असे त्यांना आढळले. या काळात त्याला जी माणसे, जे आवाज, जे स्पर्श भेटतील ते त्याला पुढे आपले वाटतात. जे भेटणार नाहीत त्यांचे भय मनात राहण्याचा संभव असतो. म्हणजे मोतीच्या बाबतीत दिवस मोजकेच होते. आश्रयघरातली चार माणसे साठ-सत्तर जनावरांचे पाहणार, तेव्हा एका पिल्लाला मांडीवर घेऊन बसायला सवड कोणाला मिळणार?

निवारा आणि घर

आश्रयघर ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारच्या अंमलाखाली मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळत असे. श्वानाला पवित्र मानणारा पारशी समाज त्यामुळे खवळला, इतरही लोक त्यास मिळाले, आणि जून महिन्यात मुंबईच्या कोटात दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि इतर धनिकांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. आमच्या गुजरातेत तर गावोगावी पांजरापोळी आहेत. दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. महाभारताच्या शेवटी धर्मराजाने स्वर्गाच्या दारात उभे राहूनही बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडले नाही, ही कथा आपण लहानपणी आजीकडून ऐकलेली असते.

पण पांजरापोळीत आलेली गाय चारापाण्यावर आणि सोबतीच्या गाईंवर आयुष्य काढू शकते. कुत्र्याचे तसे नसते. हजारो वर्षे माणसाच्या अंगणात वाढलेला हा प्राणी माणसाकडे डोळे लावून बसतो. आश्रयघरात त्याला अन्न मिळते, औषध मिळते, पण अवघ्या दिवसात त्याच्या वाट्याला माणूस येतो तो घटका-दोन घटका. यास्तव चांगल्या आश्रयघराचे खरे काम जनावराला ठेवून घेणे एवढेच नसून त्याला तेथून योग्य घरी पोचविणे हे असते. मोतीसाठी घर पाहण्याचे काम व्यवस्थापकांनी आमच्यावर सोपविले. "मराठी मंडळींत तुमची ओळख मोठी," असे ते म्हणाले, आणि आम्हीही मोठ्या उत्साहाने ते पत्करले.

पहिले स्थळ

स्थळ आठ दिवसांत मिळाले. आमच्या परिचयाचेच सुशिक्षित कुटुंब. प्रशस्त बंगला, पुढे बाग, मागे अंगण. शाळेत जाणारी दोन मुले. धाकटीने तर मोतीला पाहताक्षणीच उचलून घेतले आणि खाली ठेवायलाच तयार होईना. यजमानांनी विचारले, "याची जात कोणती?" आम्ही म्हटले, "गावठी. आपल्या हवेला सर्वांत चांगली." ते हसले, आणि बोलणे संपले. बाग पाहून आम्ही हरखून गेलो होतो. बिचाऱ्याने पुराच्या पाण्यात दिवस काढले, आता राजासारखा राहील, असे आम्ही एकमेकांना सांगत घरी आलो. घटस्थापनेच्या शुभ मुहूर्तावर मोती त्या घरी गेला.

मुहूर्तापासूनच आमचे चुकले. बडोद्याचा गरबा वाचकांना ठाऊकच आहे. नऊ रात्री ध्वनिक्षेपकांचा गजर, मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर वर्दळ. अडीच महिन्यांच्या, नव्या घरात बावरलेल्या पिल्लाला आम्ही नेमके त्या गजरात नेऊन सोडले. पुढे तीन आठवड्यांत दिवाळी.

त्याहून मोठी चूक न विचारलेल्या एका प्रश्नाची होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा त्या बंगल्यात कोणीही नसे. पतिपत्नी दोघे नोकरीला, मुले शाळेत आणि तेथून शिकवणीला. मोतीचे नाव आता 'रॉकी' झाले होते, आणि रॉकी दहा-दहा तास मागच्या अंगणात साखळीला असे. त्याचे दुधाचे दात हलू लागले होते. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येण्याचा काळ चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत हिरड्या शिवशिवतात आणि जे सापडेल ते चावावेसे वाटते. त्याने वेताची खुर्ची कुरतडली, दोन जोडे फाडले, बागेतली रोपे उकरली. एकटेपणाने तो दिवसभर भुंके, आणि शेजारी तक्रार करीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरून त्याने गळपट्ट्यातून मान सोडवून घेतली आणि तो पळाला. पहाटे चार वाजता तो अर्ध्या मैलावर एका उभ्या मालमोटारीखाली सापडला.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ते कुटुंब त्याला परत घेऊन आले. धाकटी मोटारीतून उतरलीच नाही. काचेला कपाळ टेकून रडत होती. यजमान खालच्या मानेने म्हणाले, "काका, आमच्याकडून नाही झालं."

वाचकहो, त्या कुटुंबाला आम्ही दोष देत नाही. त्यांनी प्रेम केले. त्यांच्या दिवसात कुत्र्यासाठी जागा नव्हती, इतकेच. ती आहे की नाही हे विचारण्याचे काम आमचे होते. स्वतःच्या मुलीच्या वेळी केवळ बंगला पाहून आम्ही होकार दिला असता काय?

परत आलेला मोती

परत आलेला मोती आम्ही दिलेल्या मोतीहून निराळा होता. कोणी दार लावले की त्याचे अंग थरथरे. हात डोक्याकडे नेला की तो दबून बसे. गावठी कुत्र्याचे शेपूट कसे कमानदार, पाठीवर वळलेले असते. मोतीचे शेपूट आता सदैव मागच्या पायांत दडलेले असे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण न सुधारणाऱ्या माणसाला उद्देशून वापरतो. मोतीचे सरळ झालेले शेपूट पाहून आम्हांला वाटे, ते पुन्हा एकदा वाकडे होऊ दे, आणखी काही नको.

काळजीचे दुसरे कारण वयाचे होते. घरी कुत्रा न्यायला येणाऱ्यांना हातात मावणारे गोजिरवाणे पिल्लू हवे असते. पाच-सहा महिन्यांचा, उंच पायांचा, भित्रा कुत्रा कोण नेणार? आणि नेमके हेच वय कठीण. सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. शिकवलेले विसरल्यासारखे करतो, दांडगाई करतो. याच वयात नकोशी झालेली कुत्री आश्रयघरांत मोठ्या संख्येने येतात. आज घर मिळाले नाही तर मोतीचे सारे आयुष्य त्या जाळीच्या खोलीत जाईल, ही भीती आम्हांला रात्री झोपू देत नसे.

तरीही या खेपेस घाई करायची नाही, असे आम्ही ठरविले. उत्तरायणही जाऊ द्यायचे, कारण त्या दिवशीचा गच्च्यांवरचा गलका आणि रात्रीचे फटाके दिवाळीहून कमी नसतात. तोवर सेवकाने आणि आम्ही पाळीपाळीने मोतीजवळ नुसते बसायचे. बोलायचे नाही, हात लावायचा नाही. त्याला वाटेल तेव्हा त्याने यावे. अठराव्या दिवशी तो आला आणि चपलेवर हनुवटी टेकून झोपला.

तीन नकार

स्थळे आली. पहिले एका धान्याच्या वखारवाल्याचे. त्याला रात्री राखण हवी होती. दिवसा बांधून ठेवणार, रात्री आवारात सोडणार. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, नेहमी साखळीला असलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा फिरविला नाही तर तो गुन्हा मानला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्ही नम्रपणे नाही म्हटले.

दुसरे स्थळ फार प्रेमळ होते. पंचाहत्तरी उलटलेले जोडपे, मुले परदेशी, घर शांत. पण चांगले सांभाळलेला गावठी कुत्रा बारा-चौदा वर्षे सहज जगतो, आणि वयात येणारा कुत्रा पट्टा ओढतो तेव्हा तरुणाचाही तोल जातो. आम्ही त्यांना मोतीऐवजी आठ वर्षांची एक शांत कुत्री दाखविली. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने डोळे मिटले, आणि ते लग्न तेथल्या तेथे जुळले. मात्र आपल्यामागे तिला कोण पाहील, ते एका भाच्याकडून लिहून घ्यायला आम्ही विसरलो नाही.

तिसरे एक नवविवाहित जोडपे. उत्साही, समजूतदार. पण घर भाड्याचे, घरमालकाला विचारलेले नव्हते, आणि वर्षभरात नोकरीसाठी पुण्यास जाण्याचा विचार. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अशी मार्गदर्शक सूचना भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढली होती. तरीपण भाडेकरूने घरमालकाची संमती आधी घ्यावी हेच शहाणपणाचे, नाही तर भांडणाचा बळी कुत्राच होतो. त्यांना आम्ही म्हटले, "बिऱ्हाड स्थिरावल्यावर या." ते समजले, आणि आता रविवारी आश्रयघरात कुत्र्यांना फिरवायला येतात.

नकार देताना वाईट वाटते. समोरचा माणूस चांगला असतो, जाळीआड कुत्रा वाट पाहत असतो. पण एकदा परत आलेला कुत्रा दुसऱ्यांदा परत येणे म्हणजे काय, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते.

शिंप्याचे घर

चौथे नाव यादीत सर्वांत खाली होते, आणि ते तेथे आम्हीच ढकलले होते, हे कबूल केले पाहिजे. मांडवीकडच्या एका गल्लीत राहणारे एक मराठी शिंपी. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत शिलाईची दोन यंत्रे, मागच्या खोलीत संसार. पतिपत्नी आणि कॉलेजात जाणारा मुलगा. "एवढ्याशा जागेत कुत्रा कुठे राहणार?" असे म्हणून आम्ही तो कागद बाजूला ठेवला होता. बंगल्याने एकदा फसविले तरी आमचे डोळे बागच शोधीत होते.

उत्तरायण झाल्यावर, निदान पाहून तरी यावे म्हणून आम्ही गेलो. मास्तरांनी बसायला स्टूल दिले आणि आम्ही काही विचारण्याआधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली.

"काकू, हा एकटा राहतो का?"

"नाही हो. घाबरतो."

"रात्री रडतो?"

"पहिले काही दिवस रडेल."

"कोणाला चावलाय का?"

"नाही. पण भ्याला की गुरगुरतो."

"मग त्याच्या अंगावर कोणी धावून जायचं नाही, एवढं गिऱ्हाइकांना सांगावं लागेल." ते आपल्या पत्नीकडे वळले. "काय गं, जमेल?"

वहिनी काज करता करता म्हणाल्या, "आपल्या घराला कुलूप कधी लागतं? सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत आपण इथेच. फिरायला पोरगा नेईल सकाळी. संध्याकाळी मी नेईन, तेवढेच माझेही पाय मोकळे होतील."

जात कोणती, हे कोणी विचारले नाही. आम्ही मोतीचा सगळा इतिहास सांगितला. खुर्ची, जोडे, दिवाळीची रात्र, काही लपविले नाही. मास्तर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नाव काय म्हणता?"

"आम्ही मोती म्हणतो. पहिल्या घरी रॉकी म्हणत. तुम्ही हवं ते ठेवा."

"दोन झाली ना आधीच? तिसरं कशाला? मोतीच राहू दे."

त्या वाक्यावर आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेलो असताना तिच्या सासूबाईंनी, "तिला सकाळी चहा लागतो की दूध?" असे विचारले होते, त्याची आठवण झाली.

४ फेब्रुवारी २०२५ रोजी, रथसप्तमीच्या दिवशी, मोती मांडवीला गेला. आठ दिवस राहू द्यायचा, मग दोन्ही बाजूंनी ठरवायचे, असा करार होता. अनुभवी लोक तीनाचे एक गणित सांगतात. नव्या घरातला बावरलेपणा जायला साधारण तीन दिवस, घरची शिस्त उमजायला तीन आठवडे, आणि हे घर आपले असे वाटायला तीन महिने. तिसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांचा फोन आला. फोन घेताना आमचा हात कापत होता, हे लपवीत नाही.

"काका, एका बाईंचं ब्लाउजपीस त्यानं फाडलं."

आम्ही गप्प. परत आणू का, हे शब्द आता येणार, असे वाटले.

"ते मी भरून दिलं. चूक माझीच, खाली पडलं होतं. मला एवढंच सांगा, त्याला चावायला काय द्यावं?"

जाड सुती कापडाची घट्ट गाठ पाण्यात भिजवून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि ती द्यावी, तुकडे पडू लागले की काढून घ्यावी, असे आम्ही सांगितले. शिंप्याच्या घरी चिंध्यांना काय तोटा! आठ दिवस संपल्याचे त्यांच्याही लक्षात राहिले नाही आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

आपल्या घरी कुत्रा आणताना

आमच्या अनुभवातून काही गोष्टी वाचकांसाठी नोंदवून ठेवतो.

पहिला प्रश्न वेळेचा. दिवसा घरी कोण असते? तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून अधिक वेळ लघवी आवरत नाही. घरात कोणी नसेल तर पिल्लू आणू नये. त्यापेक्षा मोठा, शांत कुत्रा पाहावा.

दुसरा स्वयंपाकघराचा. आपल्याकडे कुत्रा म्हटला की दूध-पोळी, हे ठरलेले. पण पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या पोळीवर वाढत्या पिल्लाचे पोषण होत नाही. त्याला प्रथिने लागतात. घर शाकाहारी असेल आणि अंडेही आत चालत नसेल, तर ते आधीच बोलावे व पशुवैद्यांना विचारून आहार ठरवावा. नंतर कटकट नको. कांदा-लसणाची फोडणी असलेली भाजी-आमटी कुत्र्याला घालू नये, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटही विषारी. सणावारी पाहुणे लाडाने घास टाकतात, त्यांना हात जोडून सांगावे.

तिसरा लसींचा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, पुढे सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने नंतरच्या मात्रा. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा रोग लस न टोचलेल्या पिल्लांचा दोन-चार दिवसांत घास घेतो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, आणि मग पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने नियमित. घरच्या वा रस्त्यावरच्या कोणत्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट काही भरू नये. कुत्र्याचे निर्बीजीकरण साधारण सहाव्या महिन्यानंतर पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावे.

चौथा प्रश्न खास आपल्यासारख्यांचा. महाराष्ट्राबाहेर राहणारी आपली घरे मे महिन्यात लग्नकार्यासाठी, गणपतीत कुळाचारासाठी गावी जातात. तेव्हा कुत्रा कोठे राहील? रेल्वेत त्याला पहिल्या वर्गाची पूर्ण राखीव कुपे घेऊन, किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीत नेता येते. पण कुपे मिळेलच असे नाही, आणि ती पेटी भित्र्या कुत्र्याला शिक्षाच वाटते. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोण सांभाळील ते कुत्रा आणण्यापूर्वी ठरवावे. मास्तरांच्या समोरच्या ओट्यावरील पानवाल्याने ते काम आपणहून घेतले आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न अलीकडे न्यायालयांतही गाजला. २००१ चे जुने नियम जाऊन २०२३ साली केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम केले. कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना जेथून उचलले तेथेच सोडावे, हे त्यांचे सूत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री आश्रयघरांत हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेस दिला, आणि २२ तारखेस तो बदलून, रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस टोचून त्यांच्या जागी सोडण्यास सांगितले. प्राणिप्रेमींनी कुत्री दत्तक घ्यावीत, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी त्यांची, असेही त्या आदेशात होते. या वादात लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांचे दुःखही खरे, आणि मुक्या जिवाचे दुःखही खरे. त्यावर आम्हां सामान्यांच्या हातातला एक उपाय एवढाच, की दत्तक घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर जाणार नाही असे घर आधी शोधायचे.

दिवाळीनंतर

२०२५ ची दिवाळी झाल्यावर आम्ही फराळाचा डबा घेऊन मांडवीला गेलो. दिवाळीपूर्वीचा महिना म्हणजे शिंप्यांच्या हातघाईचा काळ. दोन्ही यंत्रे अहोरात्र चाललेली. फटाक्यांच्या रात्री मोतीचे काय झाले, हे विचारायचा आम्हांला धीर होत नव्हता. मास्तरांनीच सांगितले. खिडक्या लावून घेतल्या, गिऱ्हाईक नसतानाही दोघांनी दोन्ही यंत्रे चालू ठेवली, आणि मोती कापडाच्या गठ्ठ्यांमागे, मास्तरांच्या पायांशी बसून राहिला. थरथरला, पण पळाला नाही.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मुलाने पट्टा खुंटीवरून काढला. मोती टेबलाखालून बाहेर आला, अंग झाडले, आणि दाराकडे धावला. शेपूट पाठीवर वळलेले होते, अगदी वाकडे.

आश्रयघराच्या नोंदवहीत पूर्वी एक रकाना असे, 'घर मोठे की लहान?' आम्ही व्यवस्थापकांना विनंती करून तो खोडायला लावला. आता त्या जागी 'दिवसा घरी कोण असते?' असा रकाना आहे. ज्या वाचकांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, त्यांनी आपल्या गावच्या आश्रयघरात एकदा जरूर डोकावावे. आणि ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनीही यावे. जाळीआडच्या कुत्र्याजवळ अर्धा तास नुसते बसणारा माणूसही तेथे हवाच असतो.